तळ्याकाठची बाग: आधी पाण्याच्या रेघा, मग बाकडी

तलावाकाठच्या उद्यानाचा आराखडा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या भिंतीवर लागतो, तेव्हा त्यात तलाव काठोकाठ भरलेला असतो. मधोमध निळा रंग, भोवती गोल पायवाट, बाकडी, कारंजं आणि कोपऱ्यात सेल्फी पॉइंट. दख्खनच्या पठारावरचा कुठलाही छोटा तलाव बारा महिने असा राहत नाही. भाद्रपदात तो सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, वाहतो आणि वैशाखात मधल्या डबक्यापुरता उरतो. नकाशातला निळा रंग वर्षातल्या दोन-तीन महिन्यांचा, पण बांधकाम मात्र बारा महिन्यांचं. तळ्याकाठच्या बहुतेक बागा पाच वर्षांत का उजाड होतात याचं मूळ मला इथेच दिसतं.

म्हणून या लेखात बागेपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. २०२२ च्या अमृत सरोवर योजनेनंतर (किमान एक एकर क्षेत्र आणि १०,००० घनमीटर साठा) गावोगावी नवी-जुनी तळी चर्चेत आली आणि त्यांच्या काठाला बाग करायची हौसही वाढली. हौस चांगलीच आहे, फक्त कामाचा क्रम बरोबर असायला हवा.

हिशेबासाठी एक नमुना धरू. तालुक्याच्या गावाला लागून असलेला मातीच्या बांधाचा जुना तलाव, पाणी पसरतं ४ हेक्टरवर, भोवतालचा फेरा सुमारे ९०० मीटर, सरासरी खोली २ मीटर, म्हणजे साठा ८०,००० घनमीटर. वरून येणाऱ्या पाण्याचं क्षेत्र ६० हेक्टर. तुमचा तलाव याहून वेगळा असेल, पण आकडेमोड अशीच करायची.

तीन रेघा

पहिलं काम वर्षभर चालतं आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. सांडव्याचा माथा ही आपली आधारपातळी. कागदावर तिला १००.०० मीटर म्हणायचं. भाद्रपदात सांडवा नुकताच वाहायला लागला, की गावातल्या पोरांना घेऊन काठाने फिरायचं आणि पाणी जिथे टेकतं तिथे दर ३० मीटरवर एक लोखंडी खुंटी ठोकायची. साचलेलं पाणी हाच सर्वांत अचूक लेव्हल. तीस खुंट्यांत तलावाची भरलेली रेघ मिळते.

दुसरी रेघ पुराची. ती डोळ्यांनी क्वचितच दिसते, म्हणून हिशेबाने काढायची. तो पुढे सांडव्याच्या भागात दिला आहे. तिसरी रेघ मे महिन्याच्या शेवटी जिथे पाणी उरतं तिथली. तिथेही खुंट्या.

आता फरक बघा. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर बाष्पीभवन होतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत ८० सेंटिमीटर इथेच गेले. त्यात पाझर आणि उपसा मिळवला की पातळी ९८.२० पर्यंत उतरणं अगदी नेहमीचं. गावाच्या बाजूचा काठ १५ ला १ या उताराचा असेल, तर १.८० मीटर पाणी उतरल्यावर १५ पट, म्हणजे २७ मीटर रुंद चिखल उघडा पडतो. पाण्याला लागून बसण्यासाठी बांधलेला कट्टा एप्रिलमध्ये चिखलाच्या कडेला उभा दिसतो. मग कुणीतरी सुचवतं की चिखल झाकायला भर टाकू. भर टाकली की साठा कमी आणि पुढच्या पावसाळ्यात कट्टा पाण्यात.

पायवाटेची जागाही या रेघाच ठरवतात. पुराची रेघ १००.६० असेल तर वाट तिच्या वर निदान ३० सेंटिमीटर, म्हणजे १००.९० वर हवी. १५ ला १ उतारावर ही जागा भरलेल्या पाण्यापासून साडेतेरा मीटर मागे येते. लोकांना वाट पाण्याला चिकटून हवी असते, हे खरं. पण पाण्यापासून दोन मीटरवरची वाट भरलेल्या पातळीच्या फक्त १३ सेंटिमीटर वर असते. सांडव्यावरून वीतभर पाणी गेलं की ती बुडते आणि तिची खडी तलावात जाते. १००.०० च्या खाली पायाचं कोणतंही बांधकाम नको. गवत, दगड आणि ठरवून दिलेल्या दोन-तीन ठिकाणी पायऱ्या, एवढंच.

कागद

यावर थोडक्यात. तलाव कुणाचा हे आधी काढा. गावतळं ग्रामपंचायतीचं, पाझर तलाव जिल्हा परिषदेचा किंवा जलसंधारण विभागाचा, काही पाटबंधारे खात्याचे. सातबारा आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, दोन्ही पाहा. भूमी अभिलेखकडून हद्दीची मोजणी करून कायमचे दगड रोवून घ्या. हे दगड बागेच्या कुंपणाआधी बसले पाहिजेत. कारण उलट झालं की कुंपण हीच हद्द ठरते आणि बाहेर राहिलेली गुंठा-दोन गुंठे जागा परत मिळत नाही.

पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव या व्याख्येतून वगळले आहेत, म्हणून आपला तलाव नेमका कशात बसतो हे लेखी विचारून घ्यावं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाकाठचा सायकल व जॉगिंगचा मार्ग बेकायदा ठरवला आणि झालेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. पवई तलावही माणसानेच बांधलेला, १८९१ सालचा. तेव्हा 'हा तर कृत्रिम तलाव' एवढ्या उत्तरावर निश्चिंत राहू नका.

बांध ही बाग नव्हे

मातीच्या बांधाचा माथा सरळ, उंच, वारा खेळता, दोन्हीकडे दृश्य. पायवाटेसाठी सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. चालायला हरकत नाही, सजवायला आहे.

बांधाच्या पोटात चिकण काळीची भिंत असते, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग आणि मागच्या पायथ्याला झिरप बाहेर काढणारा दगडांचा थर. या बांधावर झाड लावायचं नाही. वड, पिंपळ, उंबर तर मुळीच नाही, पण 'छोटी शोभेची' झाडंही नाहीत. मूळ ओलाव्यामागे पोटात शिरतं. झाड मेलं किंवा तोडलं की ते कुजून तिथे नळी तयार होते आणि त्या नळीतून पाणी माती वाहून नेतं. बांध अनेकदा असा आतून पोखरूनच जातो. बांधावर फक्त हराळी, तीही कापलेली, म्हणजे उंदराची, खेकड्याची बिळं आणि वारुळं दिसतात.

जुनं मोठं झाड आधीच असेल तर घाईने तोडू नका. मूळ कुजण्याचा धोका तोडल्यानंतरच सुरू होतो. अभियंत्याला दाखवा, मुळांसकट काढून काळ्या मातीचे थर ठोकून भरणं हे कोरड्या हंगामातलं काम आहे.

मागच्या पायथ्यापासून निदान पाच मीटर पट्टा मोकळा ठेवा. तिथे लॉन, कारंजं, खेळणी किंवा फरशी नको. झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, कालच्यापेक्षा जास्त आहे की कमी, हे तिथेच कळतं. स्वच्छ झिरप चालते, पण गढूळ झिरप म्हणजे बांधाची माती बाहेर पडते आहे, त्या दिवशी फोन झाला पाहिजे. लॉनला पाणी देणाऱ्या बागेत ही खूण दिसतच नाही, कारण सगळंच ओलं असतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली. ते धरण आपल्या तळ्यापेक्षा कितीतरी मोठं, पण मातीचा बांध लहान असो की मोठा, गळतीचा नियम तोच.

माथ्यावर वाट करायचीच तर सिमेंट काँक्रीट किंवा पेव्हर घालू नका. बांध बसतो, भेगा पडतात, आणि त्या फरशीखाली लपतात. ठोकलेला मुरूम पुरे. आणि काम सुरू करण्याआधी माथ्याची पातळी दर दहा मीटरवर मोजा. जुन्या बांधाला गुरांच्या वाटेने, ट्रॅक्टरच्या चाकाने कुठेतरी खोलगट झालेली असते. बांधाची खरी उंची म्हणजे त्याच्या सर्वांत खालच्या जागेची उंची.

सांडवा

उद्यानाच्या कामात सर्वांत जास्त नुकसान सांडव्याचं होतं, कारण वर्षातले अकरा महिने तो कोरडा, रिकामा, 'वाया गेलेला' दिसतो. तिथे प्रवेशद्वार येतं, पूल येतो, पुतळा येतो, स्टॉल येतात.

हिशेब करून बघा. छोट्या क्षेत्रासाठी येणाऱ्या पाण्याचं सूत्र सोपं आहे: वाहण्याचा अंश गुणिले पावसाचा जोर (मिमी प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. अर्धी वस्ती, अर्धी शेती असेल तर अंश ०.५ धरू. तासाला ७५ मिमी पाऊस, ६० हेक्टर: उत्तर ६.२५ घनमीटर प्रति सेकंद. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून एवढं पाणी जायला किती उंची लागते, त्याचं सूत्र: प्रवाह म्हणजे १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. सांडवा ८ मीटर लांब असेल तर माथ्यावरून सुमारे ६० सेंटिमीटर पाणी जाईल. पुराची रेघ १००.६० इथून आली.

आता त्याच सांडव्यावर शोभेचा पूल बांधताना दोन जाड खांब आणि बाजूच्या भिंती येऊन मोकळी लांबी ५ मीटर उरली. तेच पाणी जायला आता ८१ सेंटिमीटर उंची लागेल. पावसाचा जोर तासाला १०० मिमी झाला तर ८ मीटरच्या सांडव्यात ७२ सेंटिमीटर, ५ मीटरच्या सांडव्यात ९९. बांधाचा माथा कागदावर १०१.६० असेल आणि एका जागी अर्धा मीटर बसलेला असेल, तर त्या जागेवरून पाणी जायला फक्त ११ सेंटिमीटर उरले. लाटा याहून मोठ्या असतात. आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो काही तासांत कापला जातो. पुलाच्या कठड्याला जाळी लावली आणि तिच्यात जलपर्णी, फांद्या, थर्माकोल अडकले, तर पाच मीटरचेही तीन होतात.

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेच्या अतिवृष्टीत नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्यानंतर सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. सांडवा, त्याच्या पुढची चर आणि ती जिथे नाल्याला मिळते तिथपर्यंतची जागा, हा संपूर्ण पट्टा आराखड्यावर लाल रंगाने 'काही नाही' असा दाखवा. ओलांडायचंच असेल तर पूल एकाच गाळ्याचा, खांबांविना, आणि त्याचा तळ पुराच्या रेघेच्या अर्धा मीटर वर. नाहीतर पावसाळ्यात बंद राहणारी, माथ्यावरूनच जाणारी साधी वाट. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. फेरा पूर्ण गोल झालाच पाहिजे हा हट्ट कशासाठी? लोक टोकापर्यंत जाऊन परत फिरतात, त्यांना चालणं मिळतंच.

तलावात येणारं पाणी

गावाचं सांडपाणी तलावात येत असेल तर बागेचे सगळे पैसे त्यावर लावा आणि बाग पुढच्या टप्प्यात करा. हे ऐकायला कठोर वाटतं, म्हणून आकडा देतो. १,००० माणसांची वस्ती, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात: रोज १,०८,००० लिटर. वर्षाला सुमारे ३९,००० घनमीटर. म्हणजे ८०,००० घनमीटरच्या तलावात दरवर्षी जवळजवळ अर्धा तलाव सांडपाणी. यात कारंजं बसवून पाणी 'जिवंत' होत नाही. कारंजं थोडा ऑक्सिजन देतं. साबण आणि मैल्यातून आलेला फॉस्फरस तसाच राहतो आणि जलपर्णीला खत होतो. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या मोठ्या, लोकांच्या जिवाभावाच्या तलावालाही सांडपाण्याने वर्षानुवर्षं छळलं. छोट्या तळ्याची काय कथा.

जागा आणि पैसे कमी असतील तर पहिला उपाय वळवण्याचा. नाल्याचं पाणी तलावात शिरण्याआधी २०-३० सेंटिमीटर उंचीचा आडवा उंबरा बांधायचा आणि त्याच्या मागून नळ काढायचा. कोरड्या दिवसांतलं सांडपाणी नळातून तलावाला वळसा घालून जातं. पाऊस आला की पाणी उंबऱ्यावरून तलावात येतं. नळ कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या तिप्पट पाणी नेईल एवढा, दर ३० मीटरवर तपासणीचा चेंबर. नळाच्या तोंडाची जाळी रोज साफ व्हायला हवी. एक दिवस प्लास्टिकने तुंबली की सगळं सांडपाणी गुपचूप उंबऱ्यावरून तलावात. आणि वळवलेलं पाणी खालच्या गावाच्या ओढ्यात तसंच सोडायचं नाही. शेवटी प्रक्रिया हवीच.

प्रक्रियेसाठी गावपातळीला झेपणारी रीत म्हणजे खडीचा पाणथळ वाफा. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं 'फायटोरिड' याच जातीचं. आधी चाळण आणि गाळ बसायची टाकी, मग ६० सेंटिमीटर खोल खडी, त्यात पाणकणीस, कर्दळ, बोरू. आपल्या हवेत माणशी दीड ते दोन चौरस मीटर जागा धरली तर १,००० माणसांना १,५०० ते २,००० चौरस मीटर, आणि खडी ३२० ते ४२५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर). हा वाफा बागेचाच भाग होऊ शकतो, पण त्यात वास येतो तो जवळपास नेहमी एकाच कारणाने: पुढची टाकी वेळेवर उपसली नाही, गाळ खडीत गेला, खडी बुजली आणि पाणी वर तुंबलं. टाकी वर्षातून एकदा तरी उपसायची, ही अट कंत्राटातच लिहा. बंगळुरूच्या जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्रातलं पाणी आधी पाणथळ पट्ट्यातून आणि मग तलावात जातं. जमल्यास गावातल्या चार-पाच जणांनी जाऊन ते पाहून यावं.

पावसाच्या पाण्याबरोबर येणाऱ्या मातीसाठी नाल्याच्या तोंडाशी गाळाचा हौद: १५ बाय १० मीटर, दीड मीटर खोल, पुढे जाळीत बांधलेल्या दगडांची आडवी भिंत. भरला तर ८० ब्रास गाळ. जेसीबी तिथवर पोचेल अशी वाट आराखड्यात आत्ताच ठेवा. ही वाट नसल्याने पहिल्या वर्षानंतर कधीच न उपसलेले हौद सगळीकडे आहेत.

गाळ आधी, वाट नंतर

४ हेक्टरमध्ये सरासरी ३० सेंटिमीटर गाळ काढायचा तर १२,००० घनमीटर, सुमारे ४,२५० ब्रास. टिपरमध्ये दोन-सव्वादोन ब्रास धरले तर १,९०० ते २,१०० खेपा. एवढी वाहनं नव्या पायवाटेवरून गेली तर वाटेचं काय होईल ते सांगायला नको. तरीही निधीच्या लेखाशीर्षांमुळे सौंदर्यीकरणाची निविदा आधी निघते आणि गाळाचं काम दोन वर्षांनी. हे थांबवणं गावसभेच्या हातात आहे: ठरावातच टप्प्यांचा क्रम लिहा.

गाळ मार्च ते मेमध्ये काढायचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, शेतकरी गाळ नेतात. काळा गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. मुरूम उकरला की तळाची बसलेली चिकण साय फुटते आणि तलाव डिसेंबरातच रिकामा होतो. बांधाच्या पायथ्यापासून आतल्या बाजूला दहा मीटर तरी हात लावायचा नाही. तळ परातीसारखा सपाट करू नका. काठाजवळ गुडघाभर, पुढे कमरेएवढं, मध्ये खोल असं राहू द्या, कारण बगळे, शेकाट्या, तुतवार उथळ पाण्यात चरतात.

पक्ष्यांसाठी बेट करायचं असेल तर नुसता गाळाचा ढीग पुरत नाही. बाजू ३ ला १ पेक्षा उभ्या असल्या की लाटांनी पहिल्याच पावसाळ्यात घसरतात. पायाला दगड, वर बाभळी. बाभूळ पाण्यात उभी राहते आणि काट्यांमुळे तिच्यावर घरटी सुरक्षित राहतात.

काठ

सभोवार उभी दगडी भिंत बांधली की काठ नीटनेटका दिसतो, पण बेडूक आणि कासव चढू शकत नाहीत, पडलेलं मूल बाहेर येऊ शकत नाही, लाट आपटून पायथ्याची माती खणते. पिचिंग बांधाला हवं, बाकी काठाला ३ ला १ किंवा त्याहून सपाट उतार. भरलेल्या रेघेच्या आसपास वाळ्याच्या ओळी लावा: रोपांत १५ सेंटिमीटर, ओळींत एक मीटर. लागवड जूनच्या पहिल्या पावसात झाली पाहिजे, म्हणजे भाद्रपदात पाणी चढण्याआधी मुळं धरतात. वीतभर पाण्यात लव्हाळे, वेखंड. पाणकणीस काठाला सगळीकडे लावू नका, ते दोन वर्षांत उथळ भाग व्यापतं.

पुराच्या रेघेच्या वर करंज, जांभूळ, अर्जुन, कदंब, कडुनिंब, आणि भरपूर जागा असेल तिथे वड-उंबर. सखल, ओल्या जागी वाळुंज आणि निर्गुडी. झाडांत ६ ते ८ मीटर अंतर. पटकन हिरवं दिसावं म्हणून कोनोकार्पस आणि सुबाभूळ लावली जाते. कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी आणली, आपण ते लावूच नये. १५० रोपांना आठवड्याला प्रत्येकी २० लिटर म्हणजे ३,००० लिटर, तीन उन्हाळे. हे पाणी कोण देणार ते नावानिशी ठरल्याशिवाय खड्डे घेऊ नका.

पायवाट

रुंदी अडीच मीटर. चाकाची खुर्ची आणि समोरून येणारी दोन माणसं यात बसतात. लांबीचा उतार २० ला १ पेक्षा जास्त नको. ९०० मीटर वाटेचं क्षेत्र २,२५० चौरस मीटर. १५ सेंटिमीटर ठोकलेला मुरूम म्हणजे सुमारे ३४० घनमीटर. दाबल्यावर कमी होतो म्हणून पाव भाग जास्त धरून १५० ब्रास. वर ५ सेंटिमीटर दगडी कच, ५० ब्रास. दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. एकदम १५ सेंटिमीटर टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा अर्धा थर भुसभुशीत राहतो आणि पहिल्या पावसात खड्डे पडतात. आडवा उतार ५० ला १, आणि तो तलावाच्या उलट बाजूला, गवताच्या चरीकडे. म्हणजे वाटेचा कच आणि कचरा पाण्यात जात नाही.

खाली काळी माती असेल तर आधी निदान ४५ सेंटिमीटर खणून मुरूम भरा. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर दोन वर्षांत लाटेसारखे उठतात.

आधीपासून येणारी माणसं

तलाव रिकामा नसतो. पहाटे मासेमारी, सकाळी धुणं आणि दशक्रियेचे लोक, दुपारी गुरं. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर तर ढिवर कुटुंबांचं पोट आहे आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. आराखड्यात यांना जागा नसेल तर कुंपण पहिल्या महिन्यात कापलं जाईल, आणि कापणाऱ्याची चूक नसेल.

गुरांना बांधापासून दूर एक दगड बसवलेला उतार, १० ला १, तीन मीटर रुंद. धुण्यासाठी नळाचं पाणी असलेला ओटा, त्याचं सांडपाणी खडीच्या वाफ्याकडे. होडी आणि जाळ्यांसाठी काठाला मोकळी जागा, शेजारी सावली. या बैठकीला बायका आणि मच्छीमार आले नाहीत तर बैठक पुन्हा घ्या, आणि त्यांच्या वेळेला घ्या.

विसर्जनासाठी वेगळा हौद, शक्यतो गावाच्या बाजूच्या दारापाशी, म्हणजे मिरवणूक काठाने फिरत नाही. निर्माल्याला वेगळी टोपली. प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची रीत दिली आहे, तिचा वेगळा पिंप ठेवा.

घाटाच्या पायऱ्या १५ सेंटिमीटर उंच, ३५ रुंद, आणि शेवटची पायरी मे महिन्याच्या रेघेपर्यंत. मधेच संपणारा घाट सर्वांत धोकादायक: पायरी आहे असं समजून पाय टाकला जातो आणि खाली दोन मीटर पाणी. दर १०० मीटरवर खांबाला दोरी आणि तरंगतं कडं.

दिवे सगळीकडे नकोत. गावाच्या बाजूचे ३०० मीटर पुरेत: चार मीटरचे खांब, १५ ते २० मीटर अंतर, पिवळसर प्रकाश, वरून झाकलेले, दहाला बंद. उरलेला काठ काळोखात राहू द्या, तिथे रातबगळे बसतात. स्वच्छतागृह तलावाकडे उतरणाऱ्या बाजूला नको आणि त्याचा शोषखड्डा पाण्यापासून निदान ३० मीटर दूर. तो खड्डा पावसाळ्यात भरून काठाकडे वाहतो आहे का, हे जुलैत जाऊन बघायचं.

देखभालीला दरवर्षी बांधकामाच्या खर्चाच्या आठ ते दहा टक्के धरा आणि ती तरतूद अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा. दोन माणसं कायमची लागतात: एक बाग आणि पाणी, दुसरा जाळ्या, चरी आणि कचरा. जलपर्णी दिसली की त्याच आठवड्यात हाताने उपटायची. चांगल्या अन्नावर ती पंधरवड्यात दुप्पट होते, महिन्याने मशीन मागवावं लागतं. उपटलेली काठावरच टाकली तर पहिल्या पावसात परत पाण्यात.

आणि सांडव्याशेजारच्या दगडी भिंतीवर रंगाने मोजपट्टी काढा, ९७ पासून १०१ पर्यंत, दर १० सेंटिमीटरला रेघ. दर सोमवारी सकाळी पातळी, पावसाचा आकडा आणि बांधाच्या मागची झिरप गढूळ की स्वच्छ, अशा तीन नोंदी एका वहीत. पहिली नोंद बागेच्या भूमिपूजनाच्या एक वर्ष आधीची असावी.